दीड हजारात वस्तरा : प्रकल्प नोंदी, पुणे

१ जून २०२५, रविवार. आखणी

एकूण खर्च ₹१,५०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. तेवढ्यात तीन गोष्टी बसवायच्या: घडी घालता येणारा खरा पोलादी वस्तरा, त्याला धार लावण्याचं आणि ती टिकवण्याचं सामान, आणि हात बसेपर्यंत वापरायला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा.

नवशिक्याचे पैसे बहुतेक वेळा वस्तऱ्यावरच संपतात. नक्षीदार मुठीचे, लाकडी पेटीतले नवे वस्तरे स्वस्तात मिळतात, पण त्यातल्या पुष्कळांचं पोलाद मऊ असतं, पाठ पुरेशी जाड नसते आणि पातं एका बाजूला झुकलेलं असतं. असा वस्तरा कितीही घासला तरी धार धरत नाही. याउलट पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा चांगला वस्तरा भंगाराच्या भावात मिळू शकतो. धार मात्र कुणी फुकट देत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम काच (तिच्यावर पेपर पसरून पाजवायचं), पेपर, फिल्म आणि चामोटी (शेवटी धार फिरवायची चामड्याची पट्टी) यांच्यासाठी राखली आणि वस्तऱ्याला ₹२५० ची कमाल मर्यादा घातली.

पुढच्या नोंदींत येणाऱ्या भागांची नावं: धारेच्या विरुद्धची जाड कड म्हणजे पाठ, पात्याचा मोकळा शेवट म्हणजे टोक, मुठीकडचा शेवट म्हणजे टाच, आणि टाचेमागे बोटं ठेवायची दांडी व तिची वळलेली शेपटी.

४ जून, बुधवार. वस्तरा निवडणं

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेलेलं बरं; माल नुकताच मांडलेला असतो आणि उजेडही चांगला असतो. सोबत छोटी पट्टी, भिंग आणि सुती फडकं असावं.

तपासणीचा क्रम ठरलेला ठेवला, म्हणजे मोहापायी काही सुटत नाही.

पहिल्यांदा तडा. धारेपासून पाठीकडे जाणारी केसासारखी रेघ दिसली की वस्तरा खाली ठेवायचा, मग त्यावर वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या कुठल्याही गावाचा शिक्का असो. पोकळ घासणीच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या, पातळ पात्यावर नखाने हलकी टिचकी मारली तर स्वच्छ नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर भिंगाने पुन्हा तडा शोधायचा.

मग गंज. लालसर गंज वरवरचा असतो, निघतो. काळे खड्डे वेगळे. ते पाठीजवळ असले तर फक्त डाग समजायचे. धारेपासून ३ मिमीच्या आत असतील तर पोलाद आतून खाल्लेलं असतं, आणि धार त्या खड्ड्यापर्यंत पोचली की तिथे कपची उडते. बाजारात बहुतेक वस्तरे याच कारणाने बाद होतात.

तिसरी गोष्ट धारेची रेषा. वस्तरा पट्टीवर उभा धरून धार पाहायची. मध्यभागी किंचित बाहेर फुगलेली धार चालते, पाजवताना पातं टाचेकडून टोकाकडे किंचित झुलवावं लागतं इतकंच. मध्ये आत गेलेली धार घेऊ नये. सपाट काचेवर तिचं टोक आणि टाच टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. ती सरळ करायला खूप धातू घालवावा लागतो. अर्ध्या मिमीपर्यंतची कपची निघते; त्याहून मोठी असेल तर आठवडाभराचं काम मागे लागतं.

चौथी गोष्ट पाठीची झीज. वस्तरा पाजवताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. पात्याची रुंदी भागिले पाठीची जाडी हे साडेतीनच्या आसपास यावं. १६ मिमी रुंद आणि ४.६ मिमी जाड असेल तर कोन साधारण साडेसोळा अंश बसतो. भागाकार चार किंवा जास्त आला तर पाठ घासून घासून संपलेली आहे, धार बारीक आणि नाजूक होणार. पाठीवर एक-दीड मिमी रुंदीची चकचकीत पट्टी ही नेहमीची झीज. चार मिमीची पट्टी दिसली तर कुणीतरी जोर लावून पाजवलेला आहे.

शेवटी मूठ. घडी घातल्यावर पातं दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध यायला हवं. एका बाजूला घासत असेल तर प्रत्येक वेळी मिटताना धार खराब होणार. खिळा सैल असणं हा दोष नाही. लोखंडी ठोकळ्यावर धरून छोट्या हातोडीने हलके ठोके दिले की बसतो.

निवडलेला वस्तरा: कार्बन पोलाद, पोकळ घासणी, रुंदी १६ मिमी, लाल गंज सर्वभर, पाठीकडे दोन काळे डाग, टाचेजवळ बारीक कपची. काळी प्लॅस्टिकची मूठ. भाव ₹२५०. शिक्का पुसट आहे. शिक्क्याला जास्त पैसे देऊ नयेत, कारण पोलादाची खरी परीक्षा पाजवतानाच होते.

७ जून, शनिवार. निर्जंतुक करणं आणि गंज काढणं

जुना वस्तरा अनेकांच्या गालांवर फिरलेला असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून हे काम सगळ्यात आधी. रबरी हातमोजे, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. मुठीच्या फटीत साचलेला काळा मळ दातकोरणीने पूर्ण काढायचा, कारण मळाखाली औषध पोचत नाही. मग कोरडं करून ७० टक्के आयसोप्रोपिल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं. मूठ सेल्युलॉइडची असेल तर उकळत्या पाण्यात घालू नये, ती नरम पडून वाकते. शिंगाची मूठ उकळल्यावर फाटते. ब्लीच पोलादाला खातं, ते इथे नको.

गंजासाठी शिलाई मशीनचं तेल आणि वॉटर पेपर (ओला करूनही चालणारा सँडपेपर; नंबर मोठा तितका बारीक): ६००, मग १०००, मग २०००. पेपर खोडरबरभोवती गुंडाळायचा. पातं टेबलाच्या कडेवर सपाट टेकवून धार स्वतःपासून दूर ठेवायची आणि टाचेकडून टोकाकडे लांबीच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलं तर बोट धारेवर घसरतं. धारेजवळचे शेवटचे २ मिमी मोकळे सोडले. तिथलं काम काचेवर होईल.

घरात तांब्या-पितळेला लावतात ती चिंच किंवा लिंबू-मीठ इथे अजिबात वापरायचं नाही. आम्ल गंजाबरोबर पोलादही विरघळवतं आणि मिठातलं क्लोराइड बारीक खड्डे पाडतं. दुसरा मोह बफिंगच्या चाकाचा. पातळ धार चाकावर क्षणात तापते. सुमारे २०० अंशांच्या पुढे पोलादाचं पाणी उतरायला लागतं, पिवळट-निळसर झाक दिसते, आणि तेवढा भाग कायमचा मऊ होतो. हाताने दोन तास लागले तरी हातानेच.

काळे डाग राहिले. ते राहू द्यायचे. आरशासारखं पातं करण्याच्या नादात पाठीची जाडी जाते आणि कोन बदलतो.

८ जून, रविवार. काच, पेपर, चामोटी

काच: १० मिमी जाडीचा साध्या काचेचा तुकडा, ८ इंच बाय ३ इंच, काचवाल्याकडच्या कातरणीतून. कडा त्याच्याकडूनच घासून घेतल्या. पातळ काच ओट्यावर ठेवली की लवते, म्हणून ५ मिमीची घेऊ नये.

वॉटर पेपर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुटे मिळतात. पेपरच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'पी' मालिकेतला २००० नंबरचा पेपर म्हणजे साधारण १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कण. चाकूला ते भरपूर झालं, दाढीला नाही. चेहऱ्यावर चालेल अशा धारेला शेवटचा कण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक लागतो. फक्त वॉटर पेपरवर पाजवलेला वस्तरा हाताचे केस उडवतो आणि गालावर ओढतो, त्याचं कारण हेच. दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड तर याहूनही कितीतरी जाड. तो सुरीसाठीच ठेवावा.

म्हणून पेपरनंतर लॅपिंग फिल्म, म्हणजे अतिबारीक कण बसवलेला प्लॅस्टिकचा पातळ ताव: ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉन, प्रत्येकी एक. पाण्याच्या दगडांचा संच या बजेटच्या कित्येक पट महाग पडतो. फिल्म झिजते, पण एका वस्तऱ्याला दीर्घकाळ पुरते. त्यानंतर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पॉलिशची वडी. बाजारातल्या वडीत बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं, म्हणून ती फिल्मच्या नंतर, अगदी थोडी आणि मोजक्याच फेऱ्यांना वापरायची.

चामोटी: पट्टे-पिशव्या शिवणाऱ्याकडून वनस्पतीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची पट्टी, ४५ सेंमी बाय ६ सेंमी, जाडी ३ मिमी. जुना कमरेचा पट्टा चालेल का, असं सगळेच विचारतात. शिवण नसलेला, ठसा नसलेला, सलग चामड्याचा असेल तर चालेल, फक्त अरुंद असल्यामुळे वस्तरा तिरका ओढावा लागेल. कड पाहावी: तंतू दिसले तर चामडं, थर दिसले तर वर रेक्झिनचा पापुद्रा आहे आणि तो सोलून धारेला चिकटणार.

कापडाच्या बाजूसाठी खाटेची सुती नवार, ३ इंची, अर्धा मीटर. नायलॉनची नको. नवारीला खळ असते, म्हणून गरम पाण्यात दोनदा धुऊन, ताणून वाळवली आणि इस्त्री केली. चामडं आणि नवार एका टोकाला लोखंडी कडीत शिवले, दुसऱ्या टोकाला धरायला लाकडी दांडी.

चामड्याला तेल पाजायचं नाही. खोबरेल तर नाहीच: ते आत मुरून पट्टी मऊ करतं आणि थंडीत गोठून वर पांढरं येतं. कोरड्या तळहाताने दोन-तीन मिनिटं जोरात चोळलं की त्वचेचं तेल पुरतं.

१४ जून, शनिवार. पाजवणं, पहिला टप्पा

पाठीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक पदर लावला. त्याने पाठ झिजत नाही आणि कोन सुमारे एक अंशाने वाढतो. टेप लावून पाजवलेल्या वस्तऱ्याला पुढेही प्रत्येक वेळी टेप लावूनच पाजवावं लागतं, नाहीतर पेपर धारेच्या मागच्या खांद्यावर घासत राहतो आणि धारेला स्पर्शच होत नाही.

काचेवर पाणी, त्यावर १००० चा पेपर. बुडबुडा राहू द्यायचा नाही. पेपर उचललेला असेल तिथे तो पात्यापुढे लाटेसारखा येतो आणि धार गोल करतो. प्लॅस्टिकच्या कार्डाने मधून बाहेर दाबत पाणी काढलं.

धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी कायमच्या शाईचं पेन फिरवलं. मग वस्तरा सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, धार पुढे. काचेच्या एका टोकाला टाच, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वस्तरा तिरका सरकत टोक येतं. परत येताना पाठीवरून पालटायचा, धारेवरून कधीच नाही. पाच फेऱ्यांनंतर शाई पाहायची. अगदी धारेपर्यंत गेली असेल तर कोन बरोबर. खांद्यावरून गेली आणि धारेवर राहिली असेल तर काम अजून बाकी. टोकाशी राहिली असेल तर टाचेवर जास्त दाब पडतोय.

टाचेजवळची कपची निघेपर्यंत दहा-दहा फेऱ्यांचे गट केले आणि प्रत्येक गटानंतर दोन्ही बाजू सारख्या केल्या. एकाच बाजूने खूप घासलं तर कड दुसरीकडे उलटते. पातळ पात्याची ती उलटलेली कड मोडून पडते तेव्हा धार करवतीसारखी होते.

या टप्प्याचा शेवट ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि घाई इथेच होते. धार वर करून दिव्याखाली सरळ तिच्याकडे पाहायचं. कुठेही पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तेवढा भाग बोथट आहे, कारण धारदार कडेला प्रकाश परतवायला जागाच नसते. तपकीर गल्लीतून आणलेल्या छोट्या भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं. मग मनगटावरचे केस: कातडीला लागून, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडून सारखे निघायला हवेत. एक सेंटिमीटर जरी मागे असेल तरी पुढच्या पेपरवर जायचं नाही. बारीक फिल्म धार गुळगुळीत करते, ती घडवत नाही. पुढे ओढणाऱ्या दहा वस्तऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ याच टप्प्यात असतं.

त्यानंतर २००० चा पेपर, दाब निम्मा.

१५ जून, रविवार. पाजवणं, दुसरा टप्पा

टेप नवी लावली. जुन्या टेपमध्ये जाड कण रुतलेले असतात.

काच आणि हात धुऊन मगच फिल्म लावायची. १००० च्या पेपरचा एक कण १ मायक्रॉनच्या फिल्मवर राहिला तर धारेवर खोल ओरखडा पडतो. ३ मायक्रॉनवर आधीच्या रेघा नाहीशा होईपर्यंत, मग १ मायक्रॉनवर. इथे दाब म्हणजे वस्तऱ्याचं स्वतःचं वजन, बस. बोट पाठीवर नुसतं दिशा द्यायला. फिल्मवर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की पातं चिकटत नाही. शेवटच्या फेऱ्यांत पातं पाण्याची रेघ पुढे ढकलतं आणि किंचित चिकटल्यासारखं वाटतं. धार पूर्ण लांबीभर टेकत असल्याची ती खूण.

हिरव्या वडीसाठी सपाट लाकडी फळीवर जुन्या सुती धोतराचा तुकडा ताणून चिकटवला आणि वडीच्या चार-पाच रेघा ओढल्या. रंग दिसेल न दिसेल इतकाच. पाठ पुढे ठेवून दहा फेऱ्या. जास्त केल्या तर धार गोल व्हायला लागते. मुख्य चामोटीवर ही वडी कधीही लावू नये, कारण चामडं एकदा रंगलं की ते रोजचं साधं चामडं राहत नाही.

टेप काढली, पातं पुसलं, मग चामोटी. नवारीवर ३०, चामड्यावर ६० फेऱ्या. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टी ताणलेली असावी. सैल पट्टी पात्याभोवती वळते आणि धारेचं टोक गोल करते. पालटताना धार आधी उचलली जाते, पाठ टेकलेलीच राहते. उलट झालं की चामड्यात चीर पडते. वेग शेवटी आपोआप येतो, सुरुवातीला सावकाशच.

डोक्याचा एक केस मुळाच्या बाजूने धरून धारेवर टेकवला तर न वाकता तुटतो. ही चाचणी दिशा दाखवते इतकंच. शेवटचा निकाल गालाचा.

२१ जून, शनिवार. साबण आणि पाणी

₹९० चा कृत्रिम केसांचा ब्रश पुरेसा आहे. तो भिजत ठेवावा लागत नाही, लवकर वाळतो आणि पावसाळ्यात कुबट वास धरत नाही.

पाण्याचा भाग पुण्यात दुर्लक्षून चालत नाही. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्याला फेस चांगला येतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणातल्या स्निग्ध आम्लांना धरून न विरघळणारी साय करतं, फेस बसतो आणि वस्तरा कोरड्या कातडीवर चालतो. लोक दोष धारेला देतात. अशा घरी दाढीपुरतं अर्धी वाटी पाणी उकळून, निवळून वरचं घ्यावं. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा खाली बसतो. त्यानेही भागलं नाही तर पिण्याच्या आरओ फिल्टरचं तेवढंच पाणी.

क्रीम साधारण २ सेंमी लांबीचं. ब्रश झटकून अर्धओला, वाटीत एक मिनिट फिरवायचा, मग पाण्याचे पाच-सहा थेंब, पुन्हा फिरवायचा, असं तीन वेळा. बुडबुडे दिसणारा फेस हवेने भरलेला असतो. तो चकाकणारा आणि दाट हवा. बोटांच्या चिमटीत घेऊन घासलं तर बोटं सहज घसरली पाहिजेत. दाढी आधी कोमट पाण्याने निदान तीन मिनिटं ओली ठेवायची, पाणी प्यालेला केस कापायला मऊ लागतो.

२२ जून, रविवार. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, फक्त गाल

दुधारी ब्लेड कागदाच्या वेष्टनातच लांबीच्या बाजूने दुमडून मोडायचं. दोन अर्धे होतात. वस्तऱ्यात बसवताना ब्लेडचे दोन्ही कोपरे धारकाच्या आत जातात का ते पाहायचं. बाहेर राहिलेला चौकोनी कोपरा ओठाजवळ आणि कानाच्या पाळीला हमखास लागतो.

धरायची रीत: तीन बोटं दांडीच्या वर, करंगळी शेपटीवर, अंगठा खालून टाचेजवळ. मूठ उघडून वर गेलेली.

बोटांनी आधी केसांची दिशा चाचपायची. गालावर बहुतेकांची वरून खाली असते. गळ्यावर मात्र काहींची खालून वर, काहींची आडवी, आणि दोन बाजूंना वेगळीही. पहिला हात केसांच्या दिशेने, सुलट. कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली. फेसावर बोट घसरतं म्हणून ताणायच्या बोटांवर तुरटी घासून घ्यावी. कातडीशी पात्याचा कोन साधारण ३० अंश. कोन वाढला की धार खरवडते, फार कमी झाला की केस न कापता वरून घसरते. हात २-३ सेंमीचे, छोटे.

दाब लागत नाही. केस ओढले जात असतील तर दाब वाढवायचा नाही, ब्लेड किंवा फेस बदलायचा. आणि धारेच्या लांबीच्या दिशेने वस्तरा कधीही सरकवायचा नाही. सुरी भाजी चिरते तशी ती हालचाल चेहरा चिरते.

पहिले काही दिवस दोन्ही गाल एवढंच, बाकीचं नेहमीच्या रेझरने. मुरूम असतील, हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील त्यांनी वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी गार पाणी, मग ओली तुरटी. अर्ध्या-एक मिनिटाने धुऊन टाकायची. जिथे झोंबते तिथे दाब किंवा कोन जास्त होता, हा रोजचा नकाशा उपयोगाचा आहे. बारीक चीर पडली तर स्वच्छ फडकं न उचलता दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं.

२९ जून, रविवार. हिशोब

जुना वस्तरा २५०, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा १२०, ब्लेड ६०, काच ६०, वॉटर पेपर ८०, दोन फिल्म ३००, हिरवी वडी ८०, चामडं १५०, नवार ३०, भिंग १००, स्पिरिट ५०, मशीनचं तेल ३०, ब्रश ९०, क्रीम ७०, तुरटी २०. एकूण ₹१,४९०. टेप, फळी, कडी, दांडी आणि शाईचं पेन घरातलंच. यात धारेच्या सामानाचे ₹८०० आहेत.

बचत हाच हेतू असेल तर खरं गणित मांडायला हवं. अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, ब्लेड, ब्रश, क्रीम आणि तुरटी यांचे मिळून फक्त ₹३६० होतात. ब्लेड ₹३ चं, त्याचे दोन अर्धे, एका दाढीला एक: दर दाढीला दीड रुपया. खऱ्या वस्तऱ्यावरचे वरचे ₹१,१३० या हिशोबाने वसूल व्हायला साडेसातशे दाढ्या लागतात. कार्ट्रिजच्या तुलनेत मात्र चित्र पालटतं: ₹१५० चं एक कार्ट्रिज दहा दाढ्या चाललं तर दर दाढीला ₹१५ पडतात, आणि अख्खा संच शंभर दाढ्यांत सुटतो. खरा वस्तरा घ्यायचा तो धार स्वतःच्या हाताने राखायची म्हणून, आणि दर आठवड्याला कचऱ्यात ब्लेड टाकायला नको म्हणून. फक्त स्वस्त दाढी हवी असेल त्याने ₹३६० वर थांबावं. त्यात काही उणं नाही.

वापरलेली ब्लेड पत्र्याच्या बंद डब्यात, झाकणाला पाडलेल्या फटीतून टाकायची. कचरा वेचणाऱ्यांचे हात त्यातून फिरतात, सुटं ब्लेड सुक्या कचऱ्यात कधीच नको.

६ जुलै, रविवार. खरा वस्तरा

फरक लगेच जाणवतो. अर्धं ब्लेड हलकं आणि एक दशांश मिमी जाड. ते चुकीला माफ करत नाही. खरं पातं जड असतं, केसाचा आवाज ऐकू येतो, आणि कोन चुकला तर आवाज बदलतो. म्हणून अर्ध्या ब्लेडवर बसलेला हात इथे सहज चालतो, मात्र कोन थोडा कमी घ्यावा लागतो.

क्रम: उजवा गाल, डावा गाल, जबड्याची कड, गळा, वरचा ओठ, शेवटी हनुवटी. हनुवटीवर केस दाट आणि हाड वळलेलं, म्हणून तिला फेस सगळ्यात जास्त वेळ मिळू द्यायचा. डाव्या गालाला डाव्या हाताने करायचं की उजवा हात आडवा आणायचा, हे आधीच ठरवून तेच पाळावं. जबड्यावर कातडी वर ओढून हाडावरून गालावर आणली की सपाट जागा मिळते. वरच्या ओठावर नाक किंचित वर करून एक-एक सेंमीचे हात. फेस वाळला की पुन्हा लावायचा.

उलट हात निदान महिनाभर नकोच. आडवा हात पुरतो. गळ्यावर उलट हात घाईने मारला की केस कातडीच्या आत वळून फोड येतात.

दाढी मध्येच ओढायला लागली तर आधी चामोटी: नवारीवर १०, चामड्यावर ३०. त्याने सुटलं नाही तर हिरव्या वडीच्या फळीवर दहा फेऱ्या, आणि त्यानेही नाही तर १ मायक्रॉनच्या फिल्मवर टेप लावून दहा हलक्या फेऱ्या.

२० जुलै, रविवार. पावसाळा

कार्बन पोलादाला पुण्याचा जुलै सगळ्यात वाईट. न्हाणीघरात ठेवलेल्या पात्यावर रात्रीतून तपकिरी ठिपके येतात, आणि ते धारेवर आले तर डोळ्याला दिसण्याआधी गालाला कळतात.

दाढीनंतरचा क्रम: साध्या पाण्याने धुणं, पाठीकडून धारेकडे फडक्याने पुसणं, मुठीच्या फटीतून कापडाची पट्टी ओढणं, नवारीवर दहा फेऱ्या, म्हणजे धारेवरचं उरलेलं पाणी जातं, मग पातं उघडं ठेवून अर्धा तास, पंख्याखाली, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. शेवटी बोटाच्या टोकावर मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन्ही बाजूंना. दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी साबणाने पुसून मगच चामोटी, नाहीतर तेल चामड्यात जातं.

ठेवायला प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याच्या म्यानात नको, चामडं ओल धरतं. तुरटी आणि वस्तरा एका डब्यात कधीच नको. तुरटीचा आम्लधर्मी ओलावा पोलाद खातो. चामोटीही भिंतीला टेकवून टांगू नये. ओल्या भिंतीला लागून तिच्यावर बुरशी येते.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण

श्रावण आजपासून. जे महिनाभर दाढी करत नाहीत त्यांच्यासाठी: पातं स्पिरिटने पुसून तेलाचा जरा जाड थर, वर मेणकागद, डबा बंद. आठवड्यातून एकदा उघडून पाहायचं. महिन्याची वाढ आधी कात्रीने किंवा मशीनने दोन-तीन मिमीवर आणायची, मगच वस्तरा. लांब केस फेसासकट पात्यावर गुंडाळतो आणि कोन हातातून जातो.

१० ऑगस्ट, रविवार. धारेची देखभाल

धार रोजच्या चामोटीवर टिकली आहे. हिरव्या फळीची गरज पडलेली नाही. ती कधी लागेल याच्या खुणा लिहून ठेवतो: नेहमीइतकी चामोटी करूनही हनुवटीवर ओढ लागते, तुरटी पूर्वी न झोंबणाऱ्या जागी झोंबते, आणि गुळगुळीतपणासाठी त्याच जागेवर तिसरा हात मारावासा वाटतो. दोन खुणा एकत्र आल्या की हिरव्या फळीवर दहा फेऱ्या. फळीने तीनदा काम भागलं आणि चौथ्यांदा नाही, तर १ मायक्रॉन फिल्म. १००० च्या पेपरला पुन्हा हात लावायचा तो फक्त कपची उडाली तर.

वस्तरा नळाच्या तोटीवर आपटणं किंवा बेसिनमध्ये पडणं हे कपची उडण्याचं नेहमीचं कारण. बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरून ठेवला आहे.

१ मायक्रॉनच्या फिल्मची एक बाजू टोकांशी गुळगुळीत झाली आहे. काचेवर टोकांची अदलाबदल करून लावली, मधला भाग अजून चांगला आहे. पुढची फिल्म घेताना ०.३ मायक्रॉनची एक सोबत घ्यावी, म्हणजे हिरवी वडी लागणारच नाही. एक वस्तरा एकाच माणसाचा, घरातल्या दुसऱ्याला शिकायचं असेल तर त्याला अर्ध्या ब्लेडचा द्यायचा, स्पिरिटने पुसून आणि नवं ब्लेड घालून.